महात्मा फुले आणि डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ



महात्मा जोतीराव फुले हे नाव ज्याच्या कानावर गेले नाही असा विद्यार्थी आपल्या पहूर परिसरात शोधूनही सापडणार नाही. भिडेवाड्यातील मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, 'शेतकऱ्याचा असूड' हे सारे आमची मुले घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु जोतीरावांनी आपला अखेरचा ग्रंथ डाव्या हाताने लिहिला, असे सांगितले की वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. मग हमखास प्रश्न येतो : उजव्या हाताला काय झाले होते? त्याचे उत्तर 'लकवा' या एका शब्दात देता येते, आणि बहुधा तेवढेच दिले जाते. मला ते अपुरे वाटते. हाताला काहीच झाले नव्हते. जे झाले ते मेंदूला झाले होते. ही गोष्ट नीट उलगडली तर जोतीरावांची अखेरची सव्वादोन वर्षे अधिक चांगली कळतात, आणि आपल्या घरातील एखाद्या आजोबांवर किंवा वडिलांवर तोच प्रसंग आला तर काय करावे हेही कळते. म्हणून या लेखात मी चरित्र आणि शरीरशास्त्र यांची सरमिसळ करणार आहे, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई बाळपणीच निवर्तल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी या पोरक्या मुलाला वाढविले. शाळेत घातले खरे, पण शिकून मुलगा बिघडेल असे लोकांनी सांगताच वडील गोविंदरावांनी त्याला शाळेतून काढून बागेच्या कामाला लावले. हातात खुरपे आले. इथेच हे चरित्र संपायचे. ते संपले नाही याचे श्रेय दोन शेजाऱ्यांकडे जाते. एक उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिटसाहेब. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत, दाखल झाले. पालकांनी हा प्रसंग आवर्जून लक्षात ठेवावा. मुलाचे नाव शाळेतून काढण्यास एक कानगोष्ट पुरते. ते पुन्हा घालण्यास मात्र कोणीतरी उठून त्या घरी जावे लागते.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी विवाह झाला होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. त्यापायी पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. १८५६ साली माहेरी आजारी असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले, त्यात आपल्या मागे फातिमावर कामाचा भार पडत असेल अशी काळजी व्यक्त केली आहे. १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. तेथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला या निपुत्रिक जोडप्याने दत्तक घेतले. तोच यशवंत. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन गेले. उपजीविकेसाठी जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत. पुणे नगरपालिकेचे ते काही वर्षे सभासदही होते.

१८८८ चे वर्ष उजाडले तेव्हा ते कीर्तीच्या शिखरावर होते. मार्च महिन्यात पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि देशाची खरी प्रजा कशी राहते ते त्यांनी पाहुण्यांना सुनावले. ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते जाहीर सभेत त्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, पक्षाघाताचा झटका आला. वय एकसष्ट. शरीराची उजवी बाजू लुळी पडली.

आपल्या भागात या दुखण्याला अनेक नावे आहेत. कोणी अर्धांगवायू म्हणतात, कोणी 'वारे गेले' म्हणतात, आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी 'फालिज' म्हणतात. 'लकवा' हा शब्द आज सरसकट वापरला जातो, पण युनानी वैद्यकात लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडे होणे आणि फालिज म्हणजे अर्धे अंग जाणे, असा भेद पूर्वीपासून आहे. शब्द सुटसुटीत होते, कारण मात्र झाकलेले होते. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. संबंध आहे तो रक्ताचा.

आता मेंदूकडे वळू. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग. पण शरीरात येणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा खातो. दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याला लागते. एवढा खाणारा असूनही त्याच्या घरात कोठार नाही! प्राणवायूचा साठा नाही, साखरेचा साठा नाममात्र. जे येईल ते त्या क्षणी वापरायचे. म्हणूनच हृदय बंद पडून संपूर्ण पुरवठा थांबला तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांनंतर चेतापेशी कायमच्या मरू लागतात.

पक्षाघातात सगळा पुरवठा थांबत नाही, एका रक्तवाहिनीचा थांबतो. बहुसंख्य रुग्णांत तिच्यात रक्ताची गुठळी अडकते, काहींत ती फुटून रक्तस्राव होतो. गुठळी अडकली तर काय घडते ते आपल्या खानदेशच्या माणसाला समजावणे सोपे आहे. केळीच्या बागेतील एक नळी मधोमध तुंबली असे समजा. जी झाडे केवळ तिच्यावरच अवलंबून होती ती वाळतात. कडेच्या झाडांना शेजारच्या नळीचे थोडे पाणी झिरपून मिळते. ती माना टाकतात, घड वाढत नाही, पण बुंधा जिवंत असतो. वेळेत पाणी सोडले तर ती पुन्हा उभी राहतात, उशीर झाला तर तीही जातात. मेंदूचे अगदी तसेच आहे. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवितात, पण मरत नाहीत. १० च्या खाली गेले की मृत्यू सुरू होतो. या दोहोंमधल्या, मुक्या परंतु जिवंत पट्ट्याची ओळख शास्त्रज्ञांना १९७० नंतरच्या दशकात पटली, आणि पक्षाघाताचे सारे आधुनिक उपचार या पट्ट्याभोवती उभे आहेत.

पेशी मरते कशी, हेही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. प्रत्येक पेशी आपल्या आवरणातून सोडियम सतत बाहेर उपसत असते आणि पोटॅशियम आत घेत असते. या उपशाला ऊर्जा लागते. प्राणवायू बंद म्हणजे ऊर्जा बंद, ऊर्जा बंद म्हणजे उपसा बंद. मग सोडियम आत साचते, त्यामागून पाणी शिरते आणि पेशी फुगते. तिच्यातून ग्लुटामेट नावाचे द्रव्य बेसुमार बाहेर सांडते. ते शेजारच्या पेशींना इतके चाळवते की त्यांच्यात कॅल्शियम घुसते आणि त्याही आतून कुरतडल्या जातात. म्हणजे मरणारी पेशी एकटी मरत नाही, शेजाऱ्यांना ओढून नेते. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशोब २००६ साली मांडण्यात आला. मेलेला भाग पुढे काही आठवड्यांत विरघळून तिथे पोकळी उरते. त्या जागी नवा मेंदू उगवत नाही.

आता जोतीरावांकडे परत येऊ. हातापायांना हुकूम नेणारे तंतू मेंदूतून खाली उतरताना लंबमज्जेत बाजू बदलतात, म्हणून डावा मेंदू उजवे अंग चालवितो आणि उजवा मेंदू डावे. जोतीरावांची उजवी बाजू गेली, याचा अर्थ घाव डाव्या मेंदूवर बसला होता. इथे एक मोठा धोका होता. बहुतेक माणसांत भाषेचे केंद्रही डाव्याच मेंदूत असते. फ्रान्सच्या ब्रोका यांनी ते १८६० च्या दशकात दाखवून दिले होते. उजवे अंग गेलेल्या कित्येक रुग्णांची वाचा आणि लिखाण त्याबरोबर जाते, कारण दोन्ही जागांना रक्त देणारी मोठी रोहिणी एकच आहे. जोतीरावांनी त्यानंतर संपूर्ण ग्रंथ सिद्ध केला, त्यावरून भाषेचा प्रदेश वाचला किंवा लवकर सावरला, असे अनुमान निघते. हातापायाकडे जाणाऱ्या तंतूंची जुडी मेंदूत खोलवर अगदी अरुंद जागेतून जाते. तिथे वाटाण्याएवढा भाग मेला तरी अर्धे अंग लुळे पडते आणि विचारशक्ती मात्र शाबूत राहते. झटका आलेल्या माणसाला 'याचे डोके गेले' असे म्हणून बाजेवर टाकून देणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावे.

त्यांच्यावर उपचार केले ते डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. घोले हे पुण्यातील नामांकित शल्यचिकित्सक, सत्यशोधक समाजातील सहकारी आणि घरोब्याचे स्नेही. त्यांनी शर्थ केली. पण त्यांच्या हाती होते तरी काय? क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली पुढे आणले. कवटीच्या आतले चित्र दाखविणारे सीटी यंत्र रुग्णावर प्रथम वापरले गेले ते १९७१ साली, लंडनजवळ. गुठळी अडकली आहे की रक्त सांडले आहे, हे जिवंत माणसाच्या बाबतीत खात्रीने ओळखण्याचा मार्ग १८८८ साली जगात कोणापाशीच नव्हता. विश्रांती, शुश्रूषा आणि वाट पाहणे, एवढेच औषध. ती शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली.

जोतीराव त्यातून उठले, पण उजवा हात पूर्वीसारखा परत आला नाही. मग त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली.

या गोष्टीला आपण चमत्कार म्हणतो. मी म्हणत नाही, आणि त्यामुळे जोतीरावांचा मोठेपणा कमी होतो असेही मला वाटत नाही. त्यांचा उजवा मेंदू धड होता. डावा हात त्याच्या ताब्यात होता, फक्त त्या हाताला अक्षर गिरविण्याची सवय नव्हती. मेंदूला एक मोठी देणगी आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण जिवंत पेशी नव्या वाटा जोडतात, शेजारचा भाग गेलेल्या भागाचे काही काम उचलतो. ही जोडणी पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, पुढेही सावकाश चालू राहते. अट एकच, ती म्हणजे रोजचा सराव. पहिलीतल्या मुलाने पाटीवर गिरवावे तसे गिरवावे लागते. एकसष्टाव्या वर्षी, अर्धे अंग लुळे, घरात पैशाची ओढ, बाहेर विरोधकांचे टोमणे, अशा स्थितीत जोतीरावांनी ते केले. १८८९ च्या फेब्रुवारीत यशवंताचा विवाह सत्यशोधक पद्धतीने लावून दिला आणि त्याच वर्षी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पूर्ण केले.

हा ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. निर्मिक एक आहे, स्त्री-पुरुष सारख्याच हक्काचे धनी आहेत, आणि माणसामाणसांत जन्मावरून उच्चनीच नाही, हा त्याचा गाभा. त्यातील एक कल्पना मला फार मोलाची वाटते. एकाच कुटुंबात आईने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, वडिलांनी ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून तिला पटल्यास इस्लाम स्वीकारावा, मुलाने सत्यधर्माचा अनुयायी व्हावे, आणि कोणी कोणाचा द्वेष न करता सर्वांनी प्रेमाने एकत्र नांदावे, असे ते सांगतात. ज्या माणसाने पूर्वी 'मानव महंमद' या कवितेत पैगंबरांच्या कार्याचा गौरव केला, त्याच्याच लेखणीतून हे यावे यात नवल नाही. नवल वाटते ते याचे की हे सारे शांतपणे मांडण्याइतकी बुद्धी त्या आजारातही लख्ख होती.

आता थोडे आजचे. घोले यांच्या हाती जे नव्हते ते आज आपल्या हाती आहे, पण त्याला मुदत आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी तारेने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया २०१५ पासून जगभर मान्य झाली. निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही करता येते. मात्र सीटी काढल्याशिवाय यांतील काहीच करता येत नाही, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. पहूरहून जळगाव चाळीसेक किलोमीटर. म्हणजे रस्ता तासाभराचा, आणि मुदत साडेचार तासांची. मग ती जाते कुठे? ती जाते ओट्यावर. रात्री तोंड वाकडे झाले, सकाळपर्यंत पाहू असे ठरते. कोणी तेल चोळतो, कोणी कबुतराचे रक्त लावण्यास सांगतो, कोणी शेजारच्या गावच्या जाणत्याकडे नेतो. हातापायाला काही लावून काय होणार? दुखणे तिथे नाहीच. केळी वाळते आहे आणि आपण पानांना तेल लावतो आहोत.

तोंड एका बाजूला ओघळले, उचललेला हात खाली पडू लागला, बोलणे बोबडे किंवा असंबद्ध झाले, यांपैकी एक जरी दिसले तरी घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. माणूस धडधाकट शेवटी कधी दिसला होता, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असेल तर ते फुप्फुसात जाते. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले तरी रुग्णालयात जाच, कारण अशा लहान झटक्यामागून मोठा येण्याची भीती असते. रक्तदाब आणि मधुमेह यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्या. तंबाखूबद्दल शिक्षकाने काय सांगावे, ते मुलेच आपल्या वडिलांना सांगतील.

जोतीरावांचा शेवटचा काळ हलाखीत गेला. जन्मभर मिळविले ते शाळांत, अनाथांत आणि समाजकार्यात खर्च झाले होते. १८९० साली मामा परमानंद यांनी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांना पत्र लिहून या आजारी माणसाच्या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. प्रकृती खालावत गेली आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीरावांचा अंत झाला. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी दत्तक यशवंताला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या.

यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्यांनी दवाखाना चालविला, आणि तिथे रुग्णांची सेवा करतानाच त्याच साथीत १० मार्च रोजी सावित्रीबाई गेल्या. डाव्या हाताने लिहिलेला तो ग्रंथ जोतीरावांना छापून आलेला पाहता आला नाही. तो यशवंतांनी १८९१ साली प्रसिद्ध केला.